रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडांची राखण

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, हा तर मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाचा विषय. आपल्या वाडीवस्तीशी त्याचा काय संबंध? पण संबंध आहे, आणि तो वाढतो आहे. मधुमेहाने पायाचे बोट काळे पडलेला, विडीपायी पायातला रक्ताचा ओघ आटलेला, किंवा पोटातली मोठी धमनी फुगल्याचे तपासणीत आढळलेला रुग्ण आज खेड्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून मुंबई, पुणे, नागपूरला जातो. जिथे पूर्वी पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे, तिथे आता बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी करतात, नाहीतर तिला वळसा घालून दुसरी वाट काढून देतात. ही केवढी सोय झाली!

अशा वेळी घरची माणसे शल्यचिकित्सकाला काय विचारतात? “डॉक्टरसाहेब, पाय वाचेल ना? हृदयाला काही होणार नाही ना? खर्च किती येईल?” तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा, की “यांची मूत्रपिंडे हे ओझे सोसतील ना?” मग होते काय, की शस्त्रक्रिया उत्तम पार पडते, पाय ऊबदार होतो, मंडळी पेढे आणायच्या गोष्टी बोलू लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते, तोंडावर सूज येते, आणि डॉक्टर सांगतात की किडनीवर ताण आला आहे. घरच्यांना वाटते, हे मध्येच काय उपटले? पायाचे दुखणे आणि मूत्रपिंडाचे दुखणे यांचा मेळ काय?

तो मेळ काय, आणि धोका कोणाला अधिक, एवढेच आज समजावून घ्यायचे आहे. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा औषधयोजना सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ती सांगणारही नाही. परंतु कोणत्या गोष्टीमुळे काय घडते आणि कोणती गोष्ट आधीच ओळखता येते, हे साध्या भाषेत मांडता येईल. आणि खरे सांगायचे तर या विषयातली महत्त्वाची गोष्ट तीच आहे. शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाला येणारे संकट पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या खोलीत जन्मत नाही. ते बरेचसे घरूनच बरोबर नेलेले असते. जे घरून नेलेले असते, ते घरीच ओळखता येते.

आधी मूत्रपिंडाचा कारभार पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. दोन्हींचे मिळून वजन पाव किलोच्या थोडे वर. म्हणजे शरीराच्या मानाने अगदी थोडके. पण हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त फेकते, त्यातले जवळजवळ एक लिटर या दोघांकडे जाते. एवढ्याशा अवयवाला एवढा मोठा वाटा कशाला? कारण त्यांचे काम गाळण्याचे आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. पंधरा लिटरची एक घागर धरली तर बारा घागरी झाल्या! त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत घेते आणि लिटर-दीड लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर टाकते. गाळलेले पाणी आणि मीठ परत ओढून घेण्याच्या कामाला फार शक्ती लागते, आणि शक्तीसाठी प्राणवायू लागतो.

आता इथे एक अडचण आहे. ती शेतकरी बांधवांना चटकन कळेल. पाटाला पाणी सुटले की तोंडाशी असलेल्या शेताला ते भरपूर मिळते. पण पाटाच्या शेवटाला जो शेतकरी असतो, ज्याला आपण टेलचा शेतकरी म्हणतो, त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. पाळी पूर्ण असली तर त्याचेही भागते. पण वरून पाणी थोडे कमी सुटले, की पहिल्यांदा कोणाचे पीक सुकते? त्याचेच. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. बाहेरच्या थराला रक्त मुबलक मिळते. आतल्या गाभ्याकडे मात्र साधारण दहावा हिस्सा पोचतो, आणि काम तर तिथेही जबर चाललेले असते. म्हणजे मूत्रपिंडाचा गाभा हा टेलचा शेतकरी आहे. निरोगी माणसातदेखील तो काठावरच उभा असतो. म्हणून रक्ताचा ओघ थोडा वेळ जरी घटला, तरी हातपाय, त्वचा, आतडी हे सारे सोसतात. हा सोसत नाही.

एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सोपे आहे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत काय करावे लागते? जिच्यातून रक्त वाहते तीच वाट काही काळ बंद करावी लागते. पाटाची दुरुस्ती करायची तर पाणी तोडल्याशिवाय चालत नाही, तसेच हे.

या शस्त्रक्रियांत सर्वांत मोठी ती पोटातल्या महाधमनीची. ही धमनी हृदयापासून निघून कण्याच्या पुढून खाली येते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. कोणाकोणाची ती हळूहळू फुगते. तीन सेंटिमीटरच्या वर गेली की तिला फुगा झाला असे म्हणतात, आणि पुरुषांत साडेपाच सेंटिमीटरच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार करतात, कारण त्यापुढे फुटण्याचे भय वाढते. थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन या शल्यचिकित्सकाने त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेनचा पातळ कागद गुंडाळला, कारण त्या काळी याहून अधिक काही करता येत नसे. १९५५ साली तो फुगा फुटून आइन्स्टाइन वारले. दरम्यान १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून त्या जागी दुसरी धमनी जोडून दाखवली होती. पुढे कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या. आणि १९९० साली अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी वर सरकवून फुग्याच्या आत बसवली. आज दोन्ही रीती चालू आहेत.

उघड्या शस्त्रक्रियेत महाधमनीवर चिमटा लावून रक्त थांबवतात. मूत्रपिंडांना जाणाऱ्या शाखा ज्या ठिकाणी फुटतात, त्याच्या वर चिमटा लावावा लागला, तर तेवढा वेळ मूत्रपिंडांचे पाणीच तुटले. ही वेळ अर्ध्या तासाच्या आत असावी असा प्रयत्न असतो; जितका वेळ जास्त तितका धोका जास्त. थंड द्रव सोडून मूत्रपिंडे गार ठेवली, तर त्यांची भूक मंदावते आणि ती थोडी अधिक तग धरतात. चिमटा शाखांच्या खाली लावला तर पुष्कळ बरे. पण तेव्हाही मूत्रपिंडांकडचा ओघ काही प्रमाणात घटतोच, कारण खालची वाट अडली की आतल्या बारीक वाहिन्या आवळून धरल्यासारख्या होतात. त्यातच रक्तस्राव झाला, रक्तदाब उतरला, तर टेलच्या शेतकऱ्याची दुहेरी अडचण. महाधमनीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे साचलेली चरबीची खपली असते. चिमट्याने किंवा आत फिरणाऱ्या तारेने तिचा चुरा सुटला, तर तो मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतो. चारीत गाळ बसावा तसे होते. उघड्या शस्त्रक्रियेनंतर पाचांतल्या सुमारे एका रुग्णाच्या मूत्रपिंडाला कमीअधिक इजा होते, असे नोंदींवरून दिसते. त्यांतली बहुतेक सौम्य असते आणि सुधारते. डायलिसिसची वेळ थोड्यांवरच येते.

नळी सरकवण्याच्या रीतीत पोट उघडावे लागत नाही, रक्त कमी जाते, हे खरे. पण वाट दिसण्यासाठी धमनीत आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडावे लागते. पायाच्या वा हृदयाच्या अँजिओग्राफीतही तेच वापरतात. इस्पितळात त्याला नुसते ‘डाय’ म्हणतात. हे द्रव्य मूत्रपिंडांतूनच बाहेर जाते. एके काळी त्याची फार धास्ती होती. अलीकडच्या अभ्यासांनी असे दाखवले की, ज्याची मूत्रपिंडे धड आहेत त्याला या रंगद्रव्यापासून फारसे भय नाही. भय आहे ते ज्यांची गाळण्याची शक्ती मुळातच फार घटली आहे त्यांना. म्हणजे पुन्हा मुद्दा तोच. आधीची स्थिती काय होती?

आणखी एक वाट आहे संकटाची, आणि ती खेड्यापाड्यांत विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९४० आणि १९४१ साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याखाली माणसे हातपाय चेंगरून तासन्‌तास अडकत. सोडवून आणल्यावर ती बोलत, चालती होतील असे वाटे. पण मग अवयव सुजे, लघवी गडद होई, कमी होई, आणि आठवड्याभरात काहीजण दगावत. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर १९४१ साली या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. हात किंवा पाय चेंगरला होता, पण मेली होती मूत्रपिंडे! कारण रक्तावाचून मेलेल्या स्नायूंतला लाल पदार्थ, ओघ पुन्हा सुरू होताच, रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचत होता.

हेच पायाची धमनी एकाएकी बंद पडल्यावर घडते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या हृदयात रक्ताची गुठळी होते, ती सुटते आणि पायाच्या धमनीत जाऊन बसते. पाय एकदम दुखू लागतो, पांढरा पडतो, गार होतो, बधिर होतो. टॉमस फोगार्टी यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टोकाला लहानसा फुगा असलेली नळी तयार केली. तिने ही गुठळी ओढून काढता येते. काम तसे आटोपशीर आहे. पण सुमारे सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. मग वाट उशिरा मोकळी झाली, की मेलेल्या स्नायूंचे विष मूत्रपिंडावर येते, आणि रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयालाही धोका होतो. आपल्याकडे काय होते? “वातविकार असेल, तेल लावून शेका, सकाळी बघू.” श्रोते हो, असा पाय शेकू नये, चोळू नये आणि सकाळची वाट पाहू नये. त्या रात्रीच गाडी काढावी. पायासाठी तर खरीच, पण मूत्रपिंडांसाठीही.

आता घरून नेलेल्या धोक्यांकडे वळू. ‘कारण’ आणि ‘धोका’ या दोन शब्दांत फरक आहे, तो आधी सांगतो. रस्ता ओला आहे, बैल नवखे आहेत, गाडीचा कणा जुना आहे आणि रात्रीची वेळ आहे. यांतली एखादीच गोष्ट असली तर गाडी बहुधा सुखरूप घरी पोचते. चारही एकत्र आल्या, की उलटण्याचा संभव पुष्कळ वाढतो. यांतल्या कोणत्या एका गोष्टीने गाडी उलटली, असे विचारण्यात अर्थ नाही. शहाणा गाडीवान निघण्यापूर्वी बघतो, की यांतले काय काय मला बदलता येईल. वेळ बदलता येईल, बैल बदलता येतील. रस्त्याचे काही करता येणार नाही, म्हणून तिथे गाडी हळू हाकायची.

न बदलणाऱ्या गोष्टी अशा. पहिली म्हणजे वय. सत्तरीच्या माणसाच्या गाळण्या तिशीतल्या माणसाइतक्या राहत नाहीत. दुसरी, आणि सर्वांत वजनदार, म्हणजे आधीपासून असलेला मूत्रपिंडाचा विकार. ज्याची अर्धी शेती आधीच पडीक झाली आहे त्याला एक कोरडी पाळी पुरते. तिसरी म्हणजे मधुमेह आणि चढा रक्तदाब. हे दोन्ही रोग ज्या रक्तवाहिन्या बिघडवतात, त्यांत मूत्रपिंडांतल्याही आल्याच. म्हणून ज्याच्या पायाची धमनी तुंबली आहे त्याची मूत्रपिंडे निर्दोष असतील असे गृहीत धरू नये. वर्षानुवर्षे चढ्या दाबाची सवय झालेल्या मूत्रपिंडाला, शस्त्रक्रियेत दाब उतरला, की इतरांना पुरणारा दाबही अपुरा पडतो. चौथी म्हणजे दुबळे हृदय. पंपच अशक्त असेल तर पाटाला पाणी कुठून येणार? पाचवी म्हणजे घाईची शस्त्रक्रिया. फुगा फुटल्यावर मध्यरात्री केलेली आणि आठवडाभर तयारी करून केलेली, या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

बदलता येण्याजोग्या गोष्टी याहून महत्त्वाच्या. पहिली म्हणजे अंगातले पाणी. उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस बहुधा कोरडाच असतो. त्यात जुलाब किंवा उलट्या झालेल्या असल्या, आणि “ऑपरेशन आहे, पाणी पिऊ नका” असे कोणीतरी ऐकीव सांगितले म्हणून त्याने आदल्या दिवसापासून पाणी तोडले, तर तो सुकलेली मूत्रपिंडे घेऊनच टेबलावर जातो. किती वेळ आधीपर्यंत पाणी चालेल, हे भूलतज्ज्ञाला विचारावे. पुष्कळ ठिकाणी साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. ज्याचे हृदय दुबळे आहे त्याने मात्र जास्त पाणीही मनाने पिऊ नये.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. प्रत्येक गाळणीला रक्त आत येण्याचे एक दार आणि बाहेर जाण्याचे एक दार असते. अंगात पाणी कमी पडले की शरीर आतले दार सैल सोडते आणि बाहेरचे आवळते, म्हणजे गाळणीत दाब टिकतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आतले दार सैल होऊ देत नाहीत. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरचे दार सैल करतात. त्यांवर लघवी वाढवणारी गोळी असली तर पाणीही आटते. एकेकटी गोळी आपापल्या जागी गुणाचीच. पण तिन्ही एकत्र आणि वर शस्त्रक्रिया, असा योग आला तर गाळणीत दाब राहील कसा? पाय दुखतो म्हणून आपली माणसे महिनोन्‌महिने दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेतात, आणि डॉक्टरांनी विचारले, “काही औषध चालू आहे का?” की सांगतात, “नाही हो, काही नाही.” त्यांच्या लेखी ते औषधच नसते! तसेच भस्मे आणि गावठी पुड्या. त्यांत काय आहे हे ठाऊक नसते, आणि काहींत पारा किंवा शिसे निघालेले आहे. तेही डॉक्टरांना सांगावे; लाजू नये. उलट बाजूनेही एक इशारा आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा रक्त पातळ राखण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कोणती थांबवायची, किती दिवस आणि परत कधी सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतील.

तिसरी गोष्ट रक्तक्षयाची. रक्तात लोह कमी असेल तर तेवढ्याच ओघातून प्राणवायू कमी पोचतो. आपल्या स्त्रियांत आणि वृद्धांत हे फार आढळते. दोन-चार आठवडे हाती असतील तर सुधारणा करून घेता येते. चौथी म्हणजे तंबाखू. विडी असो, सिगारेट असो, चुन्याबरोबर मळलेली असो की मिश्री असो. पायांच्या धमन्या बुजवणारा एक रोग तरुण धूम्रपान करणाऱ्यांत होतो; लिओ बर्गर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्या देशातल्या विडी ओढणाऱ्यांत तो बराच दिसतो. तंबाखू सुटली नाही तर एका पायाची शस्त्रक्रिया दुसऱ्या पायाच्या शस्त्रक्रियेची नांदी ठरते. पाचवी म्हणजे जंतुसंसर्ग. चिघळलेल्या पायातला पू अंगात भिनला, की मूत्रपिंडाला तो शस्त्रक्रियेइतकाच जड जातो.

मग आधीची स्थिती ओळखायची कशी? दोन साध्या तपासण्या आहेत. रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या झिजेतून निघणारा पदार्थ. मूत्रपिंड चांगले असेल तर तो साचत नाही. पण त्यात एक गोम आहे, ती शिक्षक बंधुभगिनींनी जरूर समजून घ्यावी. गाळण्याची शक्ती जवळजवळ निम्मी जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. शिवाय ज्याच्या अंगावर मांसच नाही, अशा काटकुळ्या आजीबाईचे क्रिएटिनिन मुळातच कमी निघते. कागदावर ‘१.१’ पाहून आपण म्हणतो, सारे ठीक आहे. आणि तिची गाळण्याची शक्ती निम्म्यावर आलेली असते. म्हणून नुसता आकडा न पाहता, वय धरून काढलेली गाळण्याची शक्ती किती, हे डॉक्टरांना विचारावे.

कोणी म्हणेल, मूत्रपिंड वाचवण्याचे एखादे औषधच का देत नाहीत? तशी पुष्कळ औषधे पुढे आली. डोपामीन नावाचे औषध थोड्या मात्रेत दिले की मूत्रपिंड वाचते, अशी कैक वर्षे समजूत होती. २००० साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या चाचणीत दिसले की त्याचा उपयोग होत नाही. रंगद्रव्याच्या त्रासावर सोडा आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन देत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे पाच हजार रुग्णांच्या चाचणीत साध्या सलाइनहून त्यांचा अधिक फायदा आढळला नाही. उरले काय? रक्तदाब उतरू न देणे, पाणी पुरेसे राखणे, रंगद्रव्य कमीत कमी वापरणे, चिमट्याचा वेळ आवरता घेणे आणि घातक औषधे टाळणे. जादूची कांडी नाही, राखण आहे. आणि राखणीत घरच्या माणसांचाही वाटा आहे.

म्हणून खेड्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावात कोणाचे कागद वाचायचे, अर्ज लिहायचा, तर माणसे तुमच्याकडेच येतात. रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेला किंवा अँजिओग्राफीला कोणी निघाले, की त्याला वहीचे एक पान लिहून द्या. त्यावर वय आणि वजन लिहा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किती वर्षांचा, ते लिहा. घरातली प्रत्येक गोळी, दुकानातून आणलेली आणि पुडीतलीसुद्धा, पाकिटावरचे नाव पाहून लिहा. मागे कधी क्रिएटिनिन तपासले असेल तर आकडा आणि तारीख लिहा. हा जुना आकडा फार मोलाचा असतो, कारण शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पाहतात ते मूळ आकडा किती वाढला हे. दोन दिवसांत ०.३ ने किंवा आठवड्याभरात दीडपट वाढला, तर मूत्रपिंडाला इजा झाली असे धरतात. मूळच माहीत नसेल तर वाढ मोजणार कशी?

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाजवळ बसणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावे. क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस लागतात; लघवी आधी बोलते. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला सुमारे तीस मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सतत सहा तास झाली, तर ती धोक्याची खूण समजतात. पिशवीतली पातळी बघा, आणि ती हलत नसेल किंवा रंग चहासारखा गडद असेल, तर परिचारिकेला लगेच सांगा.

इतके करूनही संकट आले तर धीर सोडू नये. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन या गावी, विलेम कोल्फ यांनी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त धुण्याचे यंत्र बनवले. पहिले कितीतरी रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री वाचली, आणि वाट खुली झाली. आज डायलिसिस जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. गरिबांना ते विनामूल्य मिळावे यासाठी केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. शस्त्रक्रियेनंतर बसलेले मूत्रपिंड पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा उठते. तोवर यंत्र त्याचे काम करते. डायलिसिस लागले म्हणजे ते जन्माचे झाले, असे नाही. मात्र एकदा इजा झालेले मूत्रपिंड पुढे हळूहळू थकण्याचा संभव असतो. म्हणून पाय बरा झाला तरी तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी पुन्हा तपासून घ्यावी. इथेच आपल्याकडे ढिलाई होते. जखम भरली की माणूस बैल घेऊन रानात जातो, आणि कागद कोनाड्यात राहतो.

शेवटी एकच सांगतो. हे ऐकून कोणी शस्त्रक्रियेलाच भिऊ नये. भीतीने दिवस ढकलले तर फुगा फुटतो, पाय सडतो, आणि मग तीच शस्त्रक्रिया घाईत, रात्री, तयारीवाचून करावी लागते. हाच तर सर्वांत मोठा धोका. वेळेवर जा, कोरड्या अंगाने जाऊ नका, सगळ्या गोळ्यांची नावे सांगा, आणि डॉक्टरांना तो चौथा प्रश्न विसरू नका. टेलच्या शेतकऱ्याची आठवण पाळी सुटण्याच्या आधी ठेवावी लागते. पीक सुकल्यावर पाटकऱ्याशी भांडून काय उपयोग?